व्हेल शार्कसोबत पोहायचं तर कुठं? आणि आपल्या किनाऱ्यावर तो दिसला तर काय करायचं?

सिंधुदुर्ग : अंगावर पांढरे ठिपके असलेला अवाढव्य मासा आणि त्याच्या बाजूनं पोहणारी माणसं, असे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरतात. मग तारकर्ली-मालवणात स्कूबाला आलेला पाहुणा विचारतो, "हा इथं दिसेल का?" खरं उत्तर असं, की अरबी समुद्रात व्हेल शार्क आहे, पण आपल्याकडे ठरवून दाखवता येईल असं ठिकाण नाही. कुणी 'हमखास दाखवतो' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.

नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नव्हे, ही मुशीच्या जातीतली. जगातला हा सर्वात मोठा मासा ३५-४० फुटांपर्यंत सहज वाढतो. दात अगदी बारीक. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं आणि त्यातले सूक्ष्म जीव, माशांची अंडी गाळून खायची, हा त्याचा धंदा. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

म्हणूनच खाणं जिथं जमतं तिथं तो येतो, आणि ठिकाण शोधायचं ते या हिशेबानं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर निंगालू इथं मार्च-एप्रिलमध्ये पौर्णिमेनंतर प्रवाळ अंडी सोडतात. त्या सुमाराला व्हेल शार्क येऊ लागतात आणि जुलैपर्यंत दिसतात. वरून छोटं विमान मासा हेरतं, मग बोट जाते. एका वेळी पाण्यात दहाच माणसं, अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब. हात लावायचा नाही. शिस्तीच्या बाबतीत हेच ठिकाण पहिलं म्हणावं लागेल, पण खर्च मोठा. आपल्याला त्यामानानं जवळ मालदीव. तिथल्या दक्षिण आरी भागात बारा महिने व्हेल शार्क असतात, बहुतेक वयात न आलेले नर. मेक्सिकोत इस्ला मुहेरेसजवळ जून ते सप्टेंबर हा काळ चांगला.

फिलिपिन्समध्ये मात्र दोन गावांच्या दोन तऱ्हा. डोन्सोल गावात १९९८ पासून गावकरीच वाटाडे झाले. मासा आपणहून आला तर दिसतो, नाहीतर रिकाम्या हातानं परत. ओस्लोबला रोज सकाळी बोटीतून कोळंबी टाकतात, त्यामुळे दर्शन जवळजवळ पक्कं. पण म्हशीला पेंडीची सवय लागावी तसं होतं. मासा बोट दिसली की जवळ येतो, अंगाला जखमा होतात, फिरणंही कमी होतं. पोट भरणाऱ्या गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, तरी जायचं तर डोन्सोलला जावं.

आपल्याकडचा प्रश्न वेगळाच, जाळ्याचा. गुजरातमध्ये वेरावळच्या बाजूला एकेकाळी यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी शेकडो व्हेल शार्क मारले गेले. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण. पुढं मोरारीबापूंनी 'ही माहेराला आलेली लेक' असं सांगितल्यावर तिथले मच्छीमार स्वतः जाळी कापून मासे सोडू लागले.

कायदा कडक आहे. शिकार केली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि वर दंड. पण कर्ज काढून घेतलेलं जाळं कापायचं म्हणजे जीवावर येतं. त्यासाठी महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून भरपाईची योजना आहे. संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. मासा सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतात. घाईत हे राहून जातं, म्हणून जाळं ओढताना एकानं मोबाईल हातात ठेवावा आणि किनाऱ्याला लागल्यावर मत्स्यव्यवसाय विभाग किंवा कांदळवन कक्षाला कळवावं. मासा उथळात आला असेल तर शेपटीला दोर बांधून ओढू नये. पाण्यातच ठेवून जाळं कापावं आणि सेल्फीसाठी गर्दी होऊ देऊ नये.