रमजान आणि विद्यापीठीय खेळाडूंच्या सरावाचे नियोजन

संघनिवड झाली की दोन-तीन आठवडे कसून सराव घ्यायचा आणि खेळाडूंना थेट स्पर्धेस पाठवायचे, अशी रीत अनेक महाविद्यालयांत दिसते. क्रीडाशास्त्र याच्या उलट सांगते. सरावाने शरीर प्रथम थकते. आहार, झोप व विश्रांती मिळाल्यावरच ते पूर्वीपेक्षा सक्षम होते. म्हणून भार अनेक महिने हळूहळू वाढवावा आणि स्पर्धेच्या तोंडावर घटवावा लागतो. बॉस्केट व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये घेतलेल्या एकत्रित आढाव्यात, शेवटचे सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करून तीव्रता कायम ठेवणे सर्वांत लाभदायक आढळले. (खुशनविसीची मश्कही रोज थोडी, पण वर्षानुवर्षे करावयाची असते.)

आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या नियोजनात रमजानचा विचार अपरिहार्य ठरतो. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०१२ मध्ये तो लंडन ऑलिंपिकच्या काळात, जुलै-ऑगस्टमध्ये आला होता. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीअखेर. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगामही बहुतांशी हिवाळ्यातलाच.

रोजाने कामगिरी ढासळतेच असे नाही. झोप, एकूण आहार व सरावाचा भार सांभाळला तर घट अल्प राहते, असे अनेक अभ्यासांत दिसते. मात्र दुपारी उशिरा केलेल्या अतितीव्र, अल्पकालीन श्रमांत ती अधिक जाणवते. त्यामुळे वेगाचा व ताकदीचा सराव इफ्तारनंतर, आणि कौशल्याचा हलका सराव इफ्तारपूर्वी तासभर ठेवणे सोयीचे. पाणी इफ्तार ते सहरी या वेळात थोडे थोडे प्यावे. तरावीह व सहरीमुळे तुटणारी झोप दुपारी भरून काढता यावी, एवढी सवलत वेळापत्रकात द्यावी. भार वाढविण्याचे काम रमजानपूर्वीच उरकावे.

प्रवासात रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. तिचा उपयोग करावा की नाही, हे विद्यार्थ्याने ठरवावे. रोजेदार म्हणून संघातून वगळणे जितके अयोग्य, तितकेच रोजा सोडण्यासाठी प्रशिक्षकाने दडपण आणणेही. विद्यापीठाचे स्पर्धा-वेळापत्रक येताच ते हिजरी दिनदर्शिकेशी ताडून क्रीडाशिक्षकांच्या हाती देणे, एवढे तरी वर्षारंभीच करता येईल.