अभ्यासक्रमावर विचारसरणीचा शिक्का मारावा का?

२०१७ साली टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्डन पीटरसन यांनी एका वेबसाइटचा बेत मांडला. अभ्यासक्रमांची वर्णनं संगणकानं तपासायची आणि त्यातले 'नवमार्क्सवादी' कोणते ते जाहीर करायचं! हेतू समजतो, फी भरणाऱ्याला आत काय शिकवतात ते कळायलाच हवं. पण वर्णनातल्या शब्दांवरून शिकवणं कळतं का? मार्क्सवर टीका करणाऱ्या तासालाही 'मार्क्स' हा शब्द येणारच. शिवाय शिक्का विषयावर राहत नाही, शिकवणाऱ्या माणसावर बसतो. प्राध्यापक संघटनेनं हीच भीती बोलून दाखवली. पुढे ध्रुवीकरण वाढेल म्हणून पीटरसन यांनीच बेत बाजूला ठेवला. पालकहो, शिक्का कशाला, वाचनयादीच मागा. विरुद्ध बाजूचं एखादं पुस्तक त्यात आहे का ते बघा.