न काढलेला चेहरा

तेरा वर्षांचा एक मुलगा आखाड्यात उभा आहे. सभोवती दरबारी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. काही दिवसांपूर्वी युद्धाच्या मसलतीत एका सेनापतीने नव्या भरतीच्या कोवळ्या शिपायांना शत्रूपुढे आमिष म्हणून टाकायचा बेत मांडला, तेव्हा या मुलाला राहवलं नाही. तो मध्येच बोलला. त्याची शिक्षा म्हणून आता द्वंद्व आहे. समोर तो म्हातारा सेनापती येणार, अशी मुलाची समजूत आहे. तो वळून बघतो, तर समोर त्याचा स्वतःचा बाप. राजाच्या मसलतखान्यात तोंड उघडलंस म्हणजे अपमान राजाचाच केलास, असा बापाचा हिशेब. मुलगा गुडघे टेकतो, रडतो, क्षमा मागतो, तुमच्याशी लढणार नाही म्हणतो. बाप सावकाश जवळ येतो. त्याच्या मुठीत आग पेटते.

आणि इथे चित्र बापलेकांना सोडून प्रेक्षकांत जातं. मुलाचा काका मान फिरवतो. एक दरबारी खूश होऊन हसतो. मुलाची धाकटी बहीण मूठ आवळून हसते. मुलाची किंकाळी आपल्याला फक्त ऐकू येते.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन मालिकेतला हा प्रसंग. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांनी ही मालिका घडवली आणि निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर ती 2005 ते 2008 अशी 61 भाग चालली. मुलाचं नाव झुको, बापाचं ओझाय, काकांचं इरोह, बहिणीचं अझुला. त्या द्वंद्वाला मालिकेत ‘अग्नी काय’ म्हणतात. त्यातला अग्नी आपल्या ओळखीचाच आहे, आणि मालिकेच्या नावातला अवतारही.

मुलांच्या वाहिनीवर बाप लेकाचं तोंड भाजताना दाखवणं शक्यच नव्हतं. पण त्या अडचणीतून जे निघालं ते थक्क करणारं आहे. जखम न दाखवता त्यांनी जखम पाहणारे दाखवले. लहान मुलावर घरात अत्याचार होतो तेव्हा आजूबाजूला कोण असतं? एकाला ते बघवत नाही, पण तो मध्ये पडत नाही. एकाला त्यात गोडी वाटते. आणि एक भावंड तिथल्या तिथे शिकून घेतं की या घरात टिकायचं असेल तर कोणाच्या बाजूला उभं राहायचं. तीन चेहऱ्यांत आणि मोजक्या क्षणांत हे सगळं सांगून झालेलं आहे.

हे बारकाईने पाहायला हवं, कारण अॅनिमेशनमध्ये काहीही आपोआप येत नाही. कॅमेऱ्याने चित्रपट काढताना नटाच्या सदऱ्याची चुणी, खिडकीतला उजेड, मागून जाणारी मांजर, हे सगळं न मागता चौकटीत येऊन बसतं. चित्रात तसं होत नाही. तिथली प्रत्येक रेघ कोणीतरी काढलेली असते आणि जे तिथे नाही ते कोणीतरी वगळलेलं असतं. म्हणूनच ओझायचा चेहरा मला इतका विलक्षण वाटतो. पहिली दोन पर्वं तो आपल्याला धड दिसतच नाही. ज्वाळांच्या पडद्यामागची काळी आकृती, अंधारात गेलेली हनुवटी, पाठ, आवाज. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला झुको घरी परततो, बापापुढे गुडघे टेकतो, तेव्हा कुठे तो चेहरा उजेडात येतो. तो देखणा आहे. ना सुळे, ना शिंगं. झुकोच्याच वळणाचे नाक-डोळे असलेला एक धडधाकट पुरुष.

भेदरलेल्या मुलाला बाप दिसतो तो असाच. ज्याच्याकडे नजर वर करून बघायची सोय नसते, त्याचा चेहरा आठवणीत नीट उमटत नाही. पावलांचा आवाज राहतो, सावली राहते. आपल्याकडे वडिलांचा ‘धाक’ हा शब्द कित्येकदा कौतुकाने वापरला जातो. धाकाचं चित्र काढा म्हटलं तर ते या काळ्या आकृतीसारखं दिसेल, असं मला वाटतं.

आता धाकाकडून माराकडे, म्हणजे कार्टूनमधल्या टेंगळाकडे वळू. शिनचॅनची आई त्याला ठोसा मारते, त्याच्या डोक्यावर भलंमोठं टेंगूळ येतं आणि पुढच्या प्रसंगात ते गायब असतं. ‘द सिम्पसन्स’मधला होमर, मालिका 1989 मध्ये सुरू झाली तेव्हापासून, कित्येक वर्षं मुलाचा गळा आवळत राहिला. बार्टची जीभ बाहेर लोंबते, डोळे गरगरतात आणि क्षणात तो पुन्हा ठणठणीत. कार्टूनच्या देहाला आठवण नसते. मांजर इस्त्रीखाली चपटं होतं आणि फुंकर मारली की फुगतं. हा या कलेचा जुना नियम आहे आणि त्यात मोठी मौजही आहे. पण त्याच नियमाआड घरातली मारझोड कित्येक वर्षं विनोद म्हणून खपून गेली. ज्या माराचा वळ उठत नाही तो मार कसला?

झुकोच्या डाव्या डोळ्याभोवतीचा भाजल्याचा लालसर डाग म्हणूनच मोलाचा. तो पुसला जात नाही. 61 भागांत भाजल्यानंतरचा झुको जेव्हा जेव्हा पडद्यावर येतो तेव्हा तेव्हा चित्रकाराला तो डाग काढावाच लागला आहे. हे काम बऱ्याच अंशी कोरियातल्या स्टुडिओंनी केलं. तिथल्या कितीतरी हातांनी तो एकच व्रण पुन्हा पुन्हा गिरवला असेल. जिथे देहाला काहीच लक्षात राहत नाही अशा दुनियेत त्यांनी लक्षात ठेवणारा एक देह उभा केला.

मालिकेला आणखीही एक गोष्ट कळलेली आहे, आणि ती मोठ्या माणसांच्याही कथांत क्वचित सापडते. बापाची लाडकी अझुला आहे. तिला कधी चटका बसला नाही, तिला शाबासकी मिळाली. पण ती शाबासकी प्रत्येक वेळी जिंकण्याच्या बदल्यात मिळाली. शेवटच्या भागांत बाप तिला मागे ठेवून एकटाच मोहिमेवर निघतो आणि ती कोसळते. एकेका चाकराला हाकलून देते, स्वतःच्या हाताने वेडेवाकडे केस कापते. आरशात तिला घर सोडून गेलेली आई दिसते आणि ती आरसा फोडते. चौदा वर्षांची पोर. एका भावंडाला नाकारून आणि दुसऱ्याला डोक्यावर घेऊन बापाने दोघांचंही बालपण मोडलं, हे लहान मुलांच्या मालिकेने कुठलंही भाषण न देता दाखवलं.

जपानमध्ये याच्या दहा वर्षं आधी, 1995 साली, हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ने दुर्लक्ष करणारा बाप काढून दाखवला होता. चौदा वर्षांच्या शिंजीला तीन वर्षांत न भेटलेला बाप बोलावून घेतो. मुलगा खाली, एका अजस्र यंत्रासमोर. बाप वर, उंचावर, काचेपलीकडे. यात बस आणि लढ, एवढंच त्याला सांगायचं असतं. त्याच्या चष्म्यावर बहुतेक वेळा झाक असते, तोंडापुढे जुळवलेले हात असतात. इथे चेहरा काढलेला आहे, पण डोळे काढलेले नाहीत.

चेहऱ्यांचा सगळ्यात धाडसी वापर मात्र ‘बोजॅक हॉर्समन’मध्ये आहे. राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यांची ही नेटफ्लिक्सवरची मालिका मोठ्यांसाठी आहे. नायकाचं तोंड घोड्याचं, अंग माणसाचं. त्याच्या आईने, बिअॅट्रिसने, त्याला आयुष्यभर टोचून बोलून सोललं. 2017 मधल्या ‘टाइम्स अॅरो’ या भागात आपण म्हाताऱ्या बिअॅट्रिसच्या डोक्यात शिरतो. तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. आठवणीतल्या बिनमहत्त्वाच्या माणसांना चेहरेच नाहीत, नुसती कोरी त्वचा. आणि घरातल्या एका मोलकरणीच्या तोंडावर काळ्या रेघोट्या ओढलेल्या आहेत, एखाद्या मुलाने रागाने वहीत गिरबटल्यासारख्या. विसरलेलं वेगळं आणि आठवायचं नाही म्हणून खोडलेलं वेगळं. हा फरक नटाच्या चेहऱ्यावर दाखवायचा तर किती यातायात करावी लागली असती! इथे एका रेघोटीत काम झालं.

त्याच भागात लहानगी बिअॅट्रिस तापाने फणफणलेली असताना तिचा बाप तिची बाहुली शेगडीत जाळतो. तिच्या आईचा मेंदू शस्त्रक्रियेने बोथट करून टाकलेला असतो, तोही बापाच्याच मर्जीने. त्याआधीच्या एका भागात या मुलीने आइस्क्रीम मागितलं, तर ते मुलग्यांसाठी असतं म्हणून तिच्या हाती साखर भुरभुरलेली लिंबाची फोड ठेवली गेली. हे कळल्यावर आपण तिला माफ करावं असं मालिका म्हणत नाही. जे घडलं ते फक्त क्रमाने समोर ठेवते. शेवटी भेदरलेली म्हातारी विचारते, मी कुठे आहे? तिचा सूड घ्यायला टपलेला मुलगा तिला सांगतो की तू तळ्याकाठच्या घरी आहेस, रात्र छान आहे, घरचे सगळे जवळ आहेत, हातात व्हॅनिला आइस्क्रीम आहे. आणि तिला ते चाखल्याचं सुख मिळतं.

झुको बापाला असं काही देत नाही. सूर्यग्रहणाच्या आठ मिनिटांत, मुठीत आग पेटवायची विद्या सगळ्यांनाच सोडून गेलेली असताना, तो बापासमोर उभा राहतो आणि सांगतो की तेरा वर्षांच्या पोराला द्वंद्वात उभं करणं क्रूर होतं, चूक होतं. ग्रहण सुटताच बाप मुलावर वीज सोडतो. इरोहने त्याला ती झेलायला शिकवलेलं असतं : बोटांतून आत घ्यायची, खांद्यातून पोटाकडे न्यायची, दुसऱ्या हाताने बाहेर काढायची आणि हृदयाकडे मात्र कधी जाऊ द्यायची नाही. वीज बापाच्या दिशेने परत जाते. धूळ बसते तोवर मुलगा निघून गेलेला असतो.

शेवटच्या भागात झुकोच्या डोक्यावर मुकुट चढतो. त्या चित्रातही डाग आहे, पहिल्या भागात होता तेवढाच. आणि राज्याभिषेकानंतर तो कैदेतल्या बापाकडे जातो आणि विचारतो, माझी आई कुठे आहे?