मोबाइलमधली ठेव घरच्याघरी जपू या

आमच्या आजीला ओव्यांचा मोठा साठा पाठ होता. परतूरला पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, तरी ओव्या तिच्या ओठांवरून गेल्या नाहीत. जालन्याच्या लोखंड कारखान्यात कामाला असलेला आमचा धाकटा भाऊ एका उन्हाळ्यात सुटीवर आला, तेव्हा त्याने आजीपुढे मोबाइल ठेवला आणि तिला गायला सांगितले. "आता कशाला रं बाबा, दात बी ऱ्हायले न्हाईत," असे म्हणत म्हणत ती दोन संध्याकाळ गात राहिली. भावाने सगळे मोबाइलमध्ये भरून घेतले.

पुढच्या हिवाळ्यात आजी गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात भावाचा मोबाइल पाण्याच्या हौदात पडला. दुकानदाराने तो उघडून पाहिला आणि आतले काहीच निघणार नाही, असे सांगितले. आजीच्या दोन संध्याकाळींपैकी आज आमच्याजवळ फक्त तीन ओव्या आहेत. भावाने त्या पुण्याच्या बहिणीला कौतुकाने व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या.

यात दोष द्यावा तर कोणाला? पाण्याला, की भावाला? खरी चूक एकच झाली. मोलाची वस्तू एकाच जागी राहिली. आणि मनाला लागणारी गोष्ट ही की, त्याच खोलीत, पुतणीच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना संगणक कापड पांघरून बसला होता. मोबाइल आणि संगणक यांच्यामध्ये हातभर वायरीचेच अंतर होते. ती वायर आम्ही कधी जोडली नाही. इतरांच्या घरी असे होऊ नये, म्हणून हा लेख.

मोबाइलमध्ये काय काय असते?

पूर्वी घरात एक पत्र्याची पेटी असे. तीत दाखले, पावत्या, लग्नातला एखादा फोटो, आजोबांची सही असलेला कागद, असे सारे असे. आज त्या पेटीचे काम मोबाइल करतो. लेकराचे पहिले पाऊल त्यात आहे, गेलेल्या वडिलांचा आवाज त्यात आहे, गुणपत्रिका आणि बँकेच्या पासबुकाचे फोटोही त्यातच आहेत.

जात पडताळणीच्या वेळी काय धावपळ होते, हे आपल्या घरांना सांगायला नको. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा शोधत गावोगाव फिरावे लागते. असा उतारा मिळाला की कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि विसरून जातो. मोबाइलमधला फोटो कार्यालयात मूळ कागदाची जागा घेत नाही, हे खरे. पण मूळ कागद हरवला, तर त्या फोटोवरचा नोंदणी क्रमांक, शाळेचे नाव आणि तारीख यांच्या आधारे नवा उतारा मागता येतो. तो फोटोही गेला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

परक्याच्या कोठारात की आपल्या घरात?

"हे सगळे क्लाउडवर टाका," असे आजकाल सांगितले जाते. क्लाउड म्हणजे ढग, पण आपले फोटो काही ढगात जात नाहीत. ते दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या मोठमोठ्या संगणकांत जाऊन बसतात. ती सोय वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. घराला आग लागली, तर दूर ठेवलेली प्रत उपयोगी पडते. पण तिच्या अटी आपण समजून घेतल्या पाहिजेत.

गुगलच्या खात्यात फोटो, मेल आणि कागदपत्रे मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. पूर्वी फोटो थोडे लहान करून कितीही फुकट ठेवता येत असत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की भाडे सुरू होते. दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. गुगलने २०२३ साली नियम केला की, जे वैयक्तिक खाते दोन वर्षे कोणी उघडणार नाही, ते आतल्या सामानासह काढून टाकता येईल. घरातला कर्ता माणूस गेला, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, मोबाइल कपाटात पडून आहे, अशी किती घरे असतील! त्या घरांनी दोन वर्षांनी काय शोधावे?

म्हणून आम्ही म्हणतो, पहिली प्रत आपल्या घरी असू द्या. तिला भाडे लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि आपले कागद कोणा परक्याच्या हाती जात नाहीत.

पहिली रीत : वायर

ही सर्वांत सोपी आणि खात्रीची रीत. चार्जिंगची वायर चार्जरमधून काढून संगणकाला जोडायची. मात्र सगळ्याच वायरी या कामाच्या नसतात. साध्या यूएसबी वायरीच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा वायरीने मोबाइल चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही. संगणक बिघडला असे समजण्याआधी वायर बदलून पाहावी.

वायर जोडली की मोबाइलचे कुलूप उघडावे. पडद्यावर वरून बोट खाली ओढले की यूएसबीची सूचना दिसते. तिथे चार्जिंगऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. मग संगणकावर मोबाइलचे नाव उमटते. त्यात डीसीआयएम नावाचा कप्पा असतो आणि त्याच्या आत कॅमेऱ्याने काढलेले फोटो व व्हिडिओ असतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि आवाज वेगळ्या जागी असतात. नव्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'अँड्रॉइड' कप्पा, त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा कप्पा, असे आत आत जावे लागते. आवाज भरण्याच्या सोयीने केलेल्या फाइली बहुधा रेकॉर्डिंगच्या कप्प्यात सापडतात. ॲपलचा मोबाइल असेल, तर वायर जोडल्यावर 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' असे तो विचारतो. होकार दिला की फोटो संगणकात उतरवून घेता येतात.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, नेहमी 'कॉपी' करावे, 'कट' करू नये. कट करताना मध्येच वीज गेली, तर सामान धड इकडे नाही आणि धड तिकडे नाही, अशी गत होते. दोन, हजारो फोटो एका दमात न ओढता महिन्याचे महिन्याला घ्यावेत. तीन, संगणकात आलेले चार-दोन फोटो उघडून पाहावेत, आवाज शेवटपर्यंत ऐकावा. खात्री पटल्याशिवाय मोबाइलमधून काहीही पुसू नये.

मोबाइलमधले नंबरही जपता येतात. नंबरांच्या यादीत 'एक्स्पोर्ट' अशी सोय असते. तिने सगळ्या नंबरांची एक फाइल तयार होते. ती फाइलही संगणकात टाकून ठेवावी.

दुसरी रीत : वायरीविना

घरात वायफाय असेल तर ठीक, नसेल तर एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडावा. जुन्या संगणकात वायफायची सोय नसेल, तर नखाएवढा वायफायचा तुकडा यूएसबीत बसवता येतो. मग लोकलसेंड किंवा केडीई कनेक्ट यांसारखा फुकट कार्यक्रम मोबाइल आणि संगणक अशा दोन्हीकडे घालावा. मोबाइलवर फोटो निवडायचे, संगणकाच्या नावावर बोट ठेवायचे, की फोटो त्या खोलीतल्या खोलीत पोचतात. ते इंटरनेटवरून जात नाहीत, त्यामुळे पाठवण्यात रिचार्जमधला डेटा खर्च होत नाही.

तिसरी रीत : आपोआप जुळवणी

दर वेळी हाताने निवडण्याचा कंटाळा येत असेल, तर सिंकथिंग नावाचा कार्यक्रम आहे. तो २०१३ सालापासून आहे, फुकट आहे आणि त्याची घडण कोणालाही तपासता येते. प्रत्येक यंत्राला तो स्वतःची एक लांबलचक ओळख देतो. मोबाइलने संगणकाची ओळख कॅमेऱ्याने वाचायची आणि दोघांनीही एकमेकांना होकार द्यायचा. त्यानंतर ठरवलेला कप्पा दोन्हीकडे सारखा राहतो. मधे कोणाचे कोठार नसते. वीज गेली म्हणून संगणक बंद पडला, तरी बिघडत नाही. दोन्ही यंत्रे पुन्हा चालू झाली की राहिलेले काम पुढे सुरू होते. या कार्यक्रमाचे मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबले. तेव्हा मोबाइलसाठी सध्या कोणती आवृत्ती चांगली चालते, हे जाणत्या मुलामुलींना विचारूनच घ्यावे.

जुळवणी म्हणजे जतन नव्हे

इथे मोठा धोका आहे. आपोआप जुळवणी म्हणजे दोन्हीकडे सारखे ठेवणे. मोबाइलमध्ये नवा फोटो आला की तो संगणकात येतो. पण लेकराने खेळता खेळता मोबाइलमधला फोटो पुसला, तर संगणकातलाही पुसला जातो! आरशापुढून माणूस हलला की आरशातलाही हलतो, तसेच हे. म्हणून सिंकथिंग लावताना संगणकाच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' चालू करावे. मग मोबाइलवर पुसलेली वस्तू संगणकावर नाहीशी न होता वेगळ्या कप्प्यात जाऊन पडते. त्याशिवाय महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत जुळवणीच्या बाहेरच्या कप्प्यात हाताने काढावी.

आणि संगणक तरी अमर कुठे आहे? त्याची हार्ड डिस्कही एक दिवस बंद पडते. जाणकारांत तीन-दोन-एक असा नियम सांगितला जातो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. आपल्या घरात याचा अर्थ असा : एक मोबाइलमध्ये, एक संगणकात आणि एक पेनड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर भरून बहिणीच्या किंवा मामाच्या घरी. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनीही निराश होऊ नये. थेट मोबाइलला लागणारे पेनड्राइव्ह मिळतात. मात्र एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नये. एवढीशी वस्तू, हरवायला वेळ लागत नाही.

सगळे एकाच ठिकाणी असले की काय होते, हे बाबासाहेबांनीही सोसले आहे. १९१७ साली ते लंडनहून परतले, तेव्हा त्यांनी जमवलेली पुस्तके दुसऱ्या जहाजाने निघाली होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. त्या काळात दुसरी प्रत काढणे कोणाला परवडणार होते? आज आपल्याला ती एका वायरीच्या मोलात काढता येते.

ओव्या टिकतात

परतूरहून खाली गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातले माजलगाव लागते. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आजही ऐकता येतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे. १९९० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळ ओव्या टेपवर भरल्या गेल्या. पुढे टेपचा जमाना गेला, पण त्याआधीच तो आवाज संगणकात उतरवून घेतलेला होता. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेने त्या ओव्या लोकांपुढे मांडायला सुरुवात केली. गाणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज नाहीत. साधन जुने होण्याआधी कोणीतरी आवाज नव्या साधनावर उतरवला, म्हणून तो राहिला.

ते काम करायला आपल्या घरी कोणी संशोधक येणार नाही. आपल्या आजीचा आवाज आपल्यालाच जपायचा आहे. त्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवा. आमच्या घरी आता रविवारी सकाळी चहा झाला की वायर जोडली जाते. पुतणीने संगणकात ज्याच्या त्याच्या नावाचा कप्पा केला आहे आणि ज्याने त्याने आपला कप्पा आपणच उघडायचा, असा घरचा नियम आहे. बायामाणसांचे फोटो आणि बँकेचे कागद सर्वांनी चाळावेत असे नसतात, म्हणून संगणकाला पासवर्डही आहे. तो वहीत लिहून ती वही आईच्या पेटीत ठेवली आहे. उद्या आमच्यापैकी कोणी नसले, तरी ठेव कुलपात अडकून पडू नये.

आजीच्या त्या तीन ओव्या आम्ही बहिणीकडून मागवून घेतल्या. आज त्या तीन मोबाइलांत, घरच्या संगणकात आणि पुण्याला बहिणीच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहेत. बाकीच्या परत येणार नाहीत. वाचकहो, तुमच्या घरातली आजी अजून गात असेल, तर या रविवारी तिच्यापुढे मोबाइल ठेवा. आणि ती गाऊन उठली की लगेच वायर जोडा.