खर्जाचे वेड आणि वहिनींची सवत



ज्या वाद्याविषयी आज लिहावयाचे आहे ते कोकणातून जहाजाने आलेल्या आपल्या पूर्वजांनी कधी पाहिले नव्हते. तरी आज आपल्या बेटावरील सेगाचा वाद्यवृंद त्याच्यावाचून क्वचितच उभा राहतो. रावान आणि मारावानच्या मागून जो जाड, गोल आवाज पोटात शिरतो आणि पावले आपोआप हलवितो, तो बेस गिटारचा. तंबोऱ्यात जे काम खर्जाच्या तारेचे, तेच काम येथे या वाद्याचे. ती तार वाजत असते तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. थांबली की मात्र काहीतरी हरवले असे वाटते.

माझे चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, गेल्या वर्षी वाक्वा येथे वारले. तरुणपणी ते जहाजावरील वाद्यवृंदात बेस वाजवीत; पुढे हॉटेलांत आणि लग्नसमारंभांत वाजवू लागले. त्यांच्या मागे एका खोलीत तीन बेस गिटारी आणि दोन अँप्लिफायर राहिले. वर्षश्राद्ध होण्यापूर्वीच एक गृहस्थ घरी आले, सर्व सामानावर नजर फिरवून त्यांनी एक ठोक रक्कम सांगितली आणि दोन दिवसांत उत्तर द्या म्हणाले. वहिनींनी मला बोलावून घेतले. ‘‘भावोजी, या लाकडांचे खरे मोल किती ते मला एकदा कळू द्या. आयुष्यभर यांच्याशी भांडले आहे मी.’’

वहिनींचे भांडण खोटे नव्हते. १९७९ साली आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लॉडेट वादळाने त्यांच्या घराचे पत्रे उडविले, आणि पुढे स्लॅबसाठी पै पै करून साठविलेल्या पैशांतून १९८१ साली दादांनी मायामीच्या बंदरात, नोकरी सोडून चाललेल्या एका सहवादकाकडून, एक अलेंबिक बेस विकत घेतला. आठ महिन्यांचा पगार त्यात गेला. स्लॅब दोन वर्षे लांबला. तेव्हापासून वहिनी त्या वाद्याला ‘सवत’ म्हणत.

मी काही वादक नव्हे. परंतु त्या दोन दिवसांत, आणि मग पुढील तीन महिन्यांत, जे शिकलो ते आपल्या घरांतील अडगळीच्या खोल्यांकडे पाहता इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

पहिला बेस होता फेंडर कंपनीचा प्रिसिजन, भडक तांबडा. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाएवढ्या उंचीचा उभा डबल बेस लागे. तो मोटारीत मावत नसे, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गलबल्यात ऐकूही येत नसे. फेंडरने त्याची दांडी आखूड केली, आडवा गळ्यात अडकविला आणि आपल्या सतारीसारखे पडदे बसविले. पडद्यावर बोट ठेवले की स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९६० साली त्याच कारखान्यातून जॅझ बेस निघाला. त्याची दांडी निमुळती, आणि पिकअप एकाऐवजी दोन. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. वरची पोलादी तार हलली की त्यात वीज उपजते. सारी जादू तेवढीच.

१९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीस विकली गेली. संग्राहक मंडळी त्यापूर्वीच्या वाद्यांसाठी जीव टाकतात. नंतरची सर्व वाद्ये वाईट होती असे मुळीच नाही. परंतु बाजारात एकदा सुवर्णयुगाची रेघ ओढली गेली की ती पुसता येत नाही. दादांचे वाद्य कोणत्या बाजूचे? ते सांगण्यासाठी वाद्य उघडावे लागते. रोझ हिल येथे रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांनी चार स्क्रू काढून दांडी अलग केली. तिच्या टाचेवर शाईचा शिक्का होता, मे १९६४. आत आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखाली आकडे होते, ३०४ ६४१२. यातील ३०४ ही तो भाग बनविणाऱ्या कारखान्याची खूण, पुढचे ६४ हे वर्ष आणि १२ हा त्या वर्षाचा आठवडा. कथिलाचा डाख कोणी उकललेला नव्हता. पुतण्याने आनंदाने टाळीच वाजविली.

परंतु रंग! कधीतरी दादांनी खाऱ्या वाऱ्याने पोपडे आलेले ते वाद्य घासून होडीला लावतात तसल्या रंगाने रंगविले होते. मूळ रंगातील अशा वाद्याची किंमत आज डॉलरमध्ये पाच आकडी होते. रंग बदललेल्याची साधारणपणे अर्ध्यावर येते. होडीचा रंग असल्यास आणखी किती खाली, ते मी विचारलेही नाही. घरात जुने वाद्य असेल तर कृपा करून ते चकचकीत करावयास जाऊ नका. आपण भांडी घासतो तसे वाद्य घासावयाचे नसते.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची निघाली. पडदे ज्या काळसर पट्टीवर बसविले आहेत ती पट्टी ब्राझीलच्या शिसवीची. हे झाड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि अशा लाकडाची वस्तू कागदपत्रांशिवाय देशाबाहेर विकता येत नाही. २०१७ च्या जानेवारीत तर जगातील शिसवीच्या साऱ्या जाती नियंत्रणाखाली आल्या, त्यात आपल्या सह्याद्रीतील शिसवही आली. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ती सूट नाही. ठोक रक्कम सांगणाऱ्या गृहस्थांनी यातील एक अक्षर काढले नव्हते.

दुसरा बेस म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे. फेंडर विकल्यावर लिओ फेंडर पुन्हा कामाला लागले, त्या काळातला, १९७६ साली निघालेला हा नमुना. यात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि वाद्याच्या पोटातच आवाज थोडा वाढवून, धार लावून बाहेर पाठविला जातो. दादांची बॅटरी कित्येक वर्षांपूर्वीची होती. ती गळून तिने आतली तार हिरवी करून टाकली होती. हात लावला तर तुकडा पडला.

आणि तिसरी ती सवत. अलेंबिक ही सॅन फ्रान्सिस्कोकडील मंडळी, ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या भोवती १९६९ च्या सुमारास एकत्र आलेली. त्यांनी १९७२ साली जॅक कॅसडी या वादकासाठी जो बेस केला, तेथून महागड्या, हाताने घडविलेल्या बेसची परंपरा सुरू झाली असे मानतात. दांडी वेगळी जोडलेली नसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, मेपल आणि जांभळ्या लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली. तारा अडकविण्याचा भाग भरीव पितळेचा. त्यामुळे वाद्य गळ्यात घातले की खांदा तक्रार करतो. दोन पिकअपांच्या मधोमध तिसरे एक असते, ते तारांचा आवाज घेतच नाही. विजेची घरघर तेवढी ओळखून वजा करते. आणि या वाद्याला पाच टोकांची जाड तार आणि विजेची वेगळी पेटी जोडतात. ती पेटी आमच्याकडे मेलेली निघाली.

पट्टी मात्र आबनुसाची, काळीभोर. तिच्यावर बोट फिरविताना मला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. १६३८ साली डच लोक या बेटावर वसाहत करून राहिले ते मुख्यतः याच काळ्या लाकडासाठी. १७१० मध्ये ते निघून गेले तोवर किनाऱ्याजवळची आबनुसाची राने त्यांनी पार उघडी केली होती. आपण ज्यांच्या शेतांवर आलो त्या उसाच्या आधी येथे हे झाड होते.

आता अँप्लिफायरविषयी, कारण संग्राहक वाद्यांविषयी जितके भांडतात तितकेच यांविषयी. दादांचा लहान अँप्लिफायर अँपेग बी-१५. हा नमुना १९६० साली निघाला. पंधरा इंची एक स्पीकर, जेमतेम पंचवीस-तीस वॅट, आणि वरचा काचेच्या व्हॉल्व्हचा भाग उलटा करून पेटीतच बंद करता येतो. दुसरा त्याच कंपनीचा एसव्हीटी, १९६९ मधला नमुना, तीनशे वॅट, चौदा व्हॉल्व्ह; नुसते डोके अडतीस किलोंच्या आसपास. दादांचा पाठीचा विकार येथूनच सुरू झाला असे वहिनी म्हणतात.

तीसच्या तीनशे वॅट झाले म्हणजे आवाज दहापट मोठा होईल असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. शक्ती दहापट केली तर कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. बी-१५ आणि एसव्हीटी यांतील फरक एवढाच, बाकी सारे वजन. हल्ली तीन किलोंच्या आत बसणारे पाचशे वॅटचे अँप्लिफायर इटलीतून आणि इतर ठिकाणांहून येतात. जुने जाणकार त्यांना नाके मुरडतात, पण मुरडणाऱ्यांपैकी किती जण आजही एसव्हीटी जिन्यावरून चढवितात ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील हे जुने यंत्र तेथील एकशेवीस व्होल्टचे. १९७८ साली ते घरी आणल्यावर दादांनी उत्साहाच्या भरात ते सरळ आपल्या भिंतीतील विजेला जोडले. क्षणभर सुंदर आवाज आला, मग धूर. पाहुणे बसले होते, चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून विजेचा दाब उतरविणारी लोखंडी पेटी त्या अँप्लिफायरच्या शेजारी कायम असे.

रेडिओवाल्यांनी यंत्र चालू करून दिल्यावर दादांच्या सोळा वर्षांच्या नातीने एका रविवारी स्टिंगरे आणि तांबडा प्रिसिजन आळीपाळीने वाजविले. अलेंबिकसाठी तिने पेटी उसनी आणली होती. मी पाठ करून बसलो. पुतण्याने तिन्हींचा आवाज सारखा ठेवला, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि दुकानदार हे जाणून असतात. अलेंबिक घंटेसारखा, प्रत्येक तार पियानोसारखी सुटी. स्टिंगरे धारदार. प्रिसिजन बोथट, जाड. परंतु तिने रावानची ध्वनिफीत लावून तोच सेगा वाजविला तेव्हा अलेंबिक सारखा पुढे येऊन बोलू लागला. तांबडा मात्र कातड्याच्या आवाजाखाली सरकला आणि दोन्ही मिळून एक झाले. मग तिने प्रिसिजनच्या गुळगुळीत तारा काढून खरखरीत घातल्या, आणि काय सांगावे, अर्धा फरक तेथेच नाहीसा झाला! शेकडो डॉलरांच्या वादात तारांचा विचार कोणी आधी करीत नाही.

डेट्रॉईटचे जेम्स जेमरसन यांची गोष्ट मला पुतण्याने सांगितली. मोटाऊन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य गाण्यांचा खर्ज त्यांचा. मुख्य वाद्य १९६२ चा साधा प्रिसिजन. गुळगुळीत तारा तुटल्याखेरीज बदलावयाच्या नाहीत, आणि उजव्या हाताचे एकच बोट. १९८३ साली त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ते वाद्य चोरीस गेले, ते आजवर सापडलेले नाही. उलट ‘द हू’ या वाद्यवृंदाचे जॉन एंटविसल यांचा संग्रह इंग्लंडात प्रसिद्ध. पाच मोडक्या बेसांचे भाग जोडून १९६७ साली केलेला एक बेस त्यांनी प्रेमाने ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून बाळगला होता. जून २००२ मध्ये ते वारले आणि मे २००३ मध्ये लंडनच्या सदबीज येथे सारा संग्रह लिलावात गेला. एका माणसाने एकत्र केलेले एका दुपारीत पांगले. पुतण्या हे सांगत असता वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

त्या गृहस्थांना नकार कळविला. त्यांची नजर, मागाहून समजले, मुख्यतः बी-१५ वर होती. स्टिंगरे दुरुस्त करून ग्रां बे येथील एका वादकाला दिला; रीतसर पावती घेतली आणि प्रत्येक वाद्याचा क्रमांक वहीत लिहून छायाचित्रे काढून ठेवली, हे प्रत्येकाने करावे. एसव्हीटी पुतण्याच्या मित्राच्या मंडळाने नेला. चार जण लागले. तांबडा नातीकडे आहे. शाळेतून आली की बी-१५ वर तासभर वाजविते, आणि शेजारी अजून काही बोललेले नाहीत.

अलेंबिकला मात्र चांगली मागणी आली होती, दादांनी दिले होते त्याच्या कितीतरी पट. मी आकडा वहिनींना सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारला. मग वर छताकडे पाहिले.

‘‘राहू दे भावोजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘स्लॅब तर झालाच आहे.’’

पेटीचा एक भाग अमेरिकेहून मागविला आहे. आला की नात वाजवून दाखविणार आहे.