दात आंबतात तेव्हा

तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या चार फोडी खाल्ल्या की दात आंबतात. मग पोळीचा मऊ घास चावतानाही शिरशिरी येते. काही वेळाने हे आपोआप थांबते, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. तेवढ्या वेळात दातांवर काय घडते, हे मात्र समजून घ्यायला हवे.

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचाच. पण आम्लापुढे त्याचे चालत नाही. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ही खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. कैरी, चिंच, कोकम हेही त्याच पंगतीतले. साखर घातल्याने सरबताची चव बदलते, आम्लता नाही. उलट त्या साखरेपासून तोंडातले जिवाणू आणखी आम्ल तयार करतात.

यावरचा उतारा तोंडातच असतो, तो म्हणजे लाळ. ती आम्ल सौम्य करते आणि दातांना कॅल्शियम, फॉस्फेट परत पुरवते. मात्र उन्हाळ्यात घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झाले की लाळही कमी होते आणि नेमकी तेव्हाच आंबट पेये वाढतात. म्हणून पेलाभर पन्हे जेवणाबरोबर पिऊन मोकळे होणे वेगळे आणि तेच बाटलीत भरून दुपारभर घोट घोट घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. ऑफिसच्या टेबलावरची लिंबूपाण्याची बाटली कितीही पौष्टिक वाटो, दातांना ती जाचतेच.

कधीकधी नुकसान होते ते चांगल्या हेतूने. आंबट खाल्ले म्हणून लगेच ब्रश केला, तर मऊ पडलेला थर घासला जातो. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत, त्यामुळे झिजलेला थर पुन्हा येत नाही. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. ब्रश अर्ध्या-एक तासाने.

बर्फाचा गोळा चोखावा, कडाकडा फोडू नये. विशेषतः सिमेंट भरलेला दात तडकू शकतो. ताक आंबट असले तरी त्यातल्या कॅल्शियममुळे दातांना त्यामानाने कमी बाधते.

कैरी न खाताही गार पाण्याने रोज शिरशिरी येऊ लागली, तर दंतवैद्याला दाखवावे.