खरं हेल्मेट, नवा स्टिकर आणि माझे २६ हजार



व्हिडिओत माझ्या मागच्या रॅकवर निळसर लोखंडी हेल्मेट दिसतं ना, त्याबद्दल बरेच जण विचारतात, "सर, मिलिटरीचं का?" नाही. भावाचा सगळा घोळ इथेच होतो.

हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन 'लुफ्टशुट्झ'चं, म्हणजे हवाई हल्ल्यात नागरिकांना वाचवणाऱ्या यंत्रणेचं हेल्मेट. जर्मनीत १९३३ ला त्यासाठी संघटना निघाली, १९३५ ला कायदा आला आणि इमारतींसाठी वॉर्डन नेमले गेले. बॉम्ब पडले की आग विझवायची, लोकांना तळघरात न्यायचं. ही माणसं सैनिक नव्हती. तुमच्या-माझ्यासारखे दुकानदार, घरातल्या बायका, शाळकरी पोरं. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जळत होतं, तेव्हा रस्त्यावर हीच माणसं होती.

हौशी लोक यातल्या १९३८ च्या मॉडेलला 'ग्लॅडिएटर' म्हणतात. सुरुवातीला ते तीन तुकडे जोडून करायचे, नंतर दोन, शेवटी एकाच पत्र्यातून. पत्रा सैन्याच्या हेल्मेटपेक्षा पातळ आणि भोवती एक उठावदार कड. आत बऱ्याचदा 'आरएल'ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक सापडतो. असा माल विकायला सरकारी मंजुरी लागायची. आपला आयएसआय मार्क समजा ना! मला तर ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

सैन्याच्या हेल्मेटला भाव जास्त, याला कमी. म्हणून काही विक्रेते 'वॉर हेल्मेट' एवढंच लिहितात आणि कडेचा फोटो टाकत नाहीत. ते मला माहीत होतं. फसलो दुसरीकडे.

परदेशातल्या एका विक्रेत्याने लिहिलं होतं, 'माळ्यावर सापडलं, हात लावलेला नाही.' मी कस्टमसकट २६ हजार मोजले. हेल्मेट आलं, क्रमांक बरोबर, आतलं चामडं जुनं. समोर पंखांचं चिन्ह, मधे नाझींचा स्वस्तिक. (आपण चोपडीवर कुंकवाने काढतो तो वेगळा, हे पोरांना सांगावं लागतं. जर्मनीत हे चिन्ह उघड दाखवणं आजही गुन्हा आहे, अभ्यास किंवा संग्रहालयासारखी कारणं सोडून.)

एका जाणकारांनी भिंग लावलं आणि विचारलं, "हा ओरखडा कुठे जातो बघा." ओरखडा रंगावरून येत होता आणि चिन्हाच्या खाली शिरत होता. जुना स्टिकर रंगाबरोबरच म्हातारा होतो, बारीक भेगाळतो, ओरखडा पडला तर दोघांवर पडतो. इथे स्टिकर ओरखड्याच्या वर बसला होता. म्हणजे नवा.

युद्धानंतर बऱ्याच हेल्मेटांवरची चिन्हं खरवडून काढली, वर रंग दिला. काही अग्निशमन दलात वापरली, सैन्याच्या हेल्मेटांना तर भोकं पाडून स्वयंपाकघरात चाळण्या केल्या. माझं हेल्मेट त्या खरवडलेल्यातलंच असणार. तसंच साधं ठेवलं असतं तर खरा माल होता. भाव वाढावा म्हणून कुणीतरी स्टिकर लावला आणि खऱ्या मालाचा खोटा करून टाकला.

तेव्हा घेणार असाल तर आधी आतला फोटो मागा, क्रमांकाचा मागा, चिन्हाचा तिरक्या उजेडात जवळून मागा. "अंकल, एवढं काय बघता?" म्हणाला की पैसे खिशात ठेवा. हाती आल्यावर पॉलिश मारू नका, रंग तर अजिबात नको. आपल्याकडे माल चकचकीत करून ठेवायची सवय आहे, इथे ती महागात पडते.

मागच्या दिवाळीत एका ओळखीच्या माणसाने न बघताच ३५ हजार देऊ केले. मित्र म्हणाला, "दे ना, त्याला कुठे कळतंय?" खोटं नाही सांगत, दोन दिवस मनात होतं. मग त्यांना दुकानात बोलावलं, भिंग हातात दिलं आणि म्हटलं, बिलावर 'स्टिकर नवीन' लिहून देतो. ते ९ हजारांवर आले.

म्हणून अजून रॅकवर आहे, स्टिकरची बाजू भिंतीकडे करून.